विश्लेषण : जुना पॉवर टिलर भंगारात द्यायचा की दुरुस्त करायचा? पावसाआधी काय तपासाल?

वर्षातले अकरा महिने ताडपत्रीखाली आणि एक महिना चिखलात. रायगड पट्ट्यातल्या जुन्या पॉवर टिलरचे आयुष्य असेच जाते. तो सुरू झाला नाही तर सगळी लावणी पुढे ढकलावी लागते. बिघाड कसा ओळखायचा, घरी काय करायचे, मिस्त्रीकडे काय न्यायचे आणि यंत्रावर खर्च करणे कधी थांबवायचे, याची ही माहिती.

मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान विभागाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्याआधीचे दोन-तीन आठवडे उरण, पनवेल, पेण, खालापूर, कर्जत या भागांत अनेक अंगणांत सारखेच चित्र दिसते. ताडपत्री काढलेला पॉवर टिलर मध्यभागी उभा असतो आणि शेजारी हँडल मारून दमलेला माणूस असतो. यंत्र वीस-पंचवीस वर्षांचे, कंपनीचे पुस्तक हरवलेले आणि ज्या फिटरला त्याची खोड ठाऊक होती त्याने काम सोडलेले. अशा वेळी पहिला सल्ला येतो तो भंगारवाल्याला फोन करण्याचा. बऱ्याचदा तो सल्ला घाईचा असतो.

एवढी घाई कशासाठी?

भाताचे रोप साधारण २१ ते २५ दिवसांचे असताना लावणीला योग्य असते. राबात ते जास्त दिवस राहिले तर जून होते, त्याला फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. चिखलणी झाल्याशिवाय लावणी करता येत नाही. गावात बैलजोड्या कमी उरल्या आहेत. मोठा ट्रॅक्टर लहान खाचरात वळत नाही आणि बांध मोडतो. त्यामुळे टिलर आठ दिवस गॅरेजमध्ये पडला, तर दुरुस्तीच्या बिलाखेरीज रोपाचे नुकसानही सोसावे लागते.

नवी मुंबईच्या हद्दीत हा प्रश्न आता थोड्याच कुटुंबांपुरता राहिला आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. खाचरे गेली, तरी अनेक घरांत अवजारे राहिली. काही यंत्रे पनवेल-उरणच्या उरलेल्या शेतीत, काही नातेवाइकांच्या गावी, तर काही कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर बागेच्या मशागतीसाठी चालतात. शहरातून जाऊन जुना टिलर विकत घेणारेही आहेत. पुढची माहिती त्यांनाही उपयोगी पडेल.

हे यंत्र आपल्याकडे आले कुठून?

अमेरिकेत घरामागच्या बागेसाठी छोटे ट्रॅक्टर फार आधी निघाले. वेस्ट व्हर्जिनियातल्या बेंजामिन ग्रेव्हली यांना मोटरवर चालणाऱ्या नांगराचे पेटंट १९१६ मध्ये मिळाले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये 'कब कॅडेट' हा बागेतला ट्रॅक्टर आणला. असे जुने ट्रॅक्टर जमवणे आणि दुरुस्त करणे हा तिथे छंद आहे. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्रने १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि मुंबईतल्या कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर बनू लागला.

बागेतल्या ट्रॅक्टरची जागा आपल्याकडे मात्र जपानी घडणीच्या दुचाकी पॉवर टिलरने घेतली, कारण त्याची रचना भातखाचरासाठीच झाली होती. बेंगळूरुची व्हीएसटी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरू झाली. केरळ सरकारची कॅम्को १९७३ मध्ये स्थापन झाली. तिच्या यंत्राची मूळ घडण कुबोटाची. १२-१३ अश्वशक्तीची ही यंत्रे कोकणात आजही दिसतात. दोन्ही कंपन्या अजून पॉवर टिलर बनवतात, आणि जुन्या यंत्राच्या मालकासाठी ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे. अनेक सुटे भाग आजही नवे मिळतात.

आपण सर्रास वापरतो तो 'रोटाव्हेटर' हा शब्दही मुळात व्यापारी नाव आहे. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या यंत्राचे हे नाव पुढे सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना चिकटले.

आत नेमके काय असते?

पुढे एकाच सिलिंडरचे आडवे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन. त्याच्या फ्लायव्हीलच्या पुलीवरून दोन-तीन व्ही-पट्टे क्लचपर्यंत जातात. क्लचमागे गिअरबॉक्स, तिथून दोन चाके आणि मागे रोटरची पाती. वळण्यासाठी स्टीअरिंग नसते. दोन्ही मुठींखाली एकेक लिव्हर असतो. डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते आणि यंत्र डावीकडे वळते. रोटरसह एकूण वजन चारशे किलोच्या आसपास भरते.

बॅटरी, सेन्सर, संगणक यांतले काहीच नसल्यामुळे बिघाड डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी ओळखता येतो. डिझेल इंजिनाला चालायला तीनच गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, वेळेवर आणि बारीक तुषारांत येणारे डिझेल, आणि हवा पुरेशी तापेल एवढे कॉम्प्रेशन. बिघाड शोधताना याच क्रमाने गेले तर निम्मी धावपळ वाचते.

इंजिन सुरू होत नाही. आधी काय पाहायचे?

*१. डिझेल.* वर्षभर टाकीत राहिलेल्या डिझेलखाली पाणी साचते आणि दोन्हींच्या सीमेवर बुळबुळीत गाळ धरतो. जुने डिझेल पूर्ण काढा, टाकीचा तळ धुवा, फिल्टर बदला आणि ताजे डिझेल भरा. जुने डिझेल गाळून पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. त्यातला गाळ आधी पंपात आणि मग नोजलमध्ये जातो आणि खर्च तिथेच वाढतो.

*२. लाइनमधली हवा.* टाकी रिकामी झाली किंवा फिल्टर उघडला की डिझेलच्या नळीत हवा शिरते. मिस्त्री याला 'हवा धरली' म्हणतात. टाकीचा कॉक उघडा आणि फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळा. मग हेच पंपाजवळ करा. शेवटी नोजलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट थोडा सैल करून हँडल फिरवा आणि डिझेल आले की नट आवळा. या वेळी त्या नटासमोर किंवा नोजलच्या तोंडाशी हात धरू नका. तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटींहून जास्त असतो. डिझेलची धार कातडीतून आत शिरू शकते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालयात जावे लागते.

*३. कॉम्प्रेशन.* डिकॉम्प्रेशन लिव्हर न उचलता हँडल सावकाश फिरवा. एका जागी जोरदार अडथळा लागला आणि फ्लायव्हील उसळी मारून मागे आले, तर कॉम्प्रेशन चांगले आहे. हँडल सहज गरागरा फिरले तर ते गेले आहे. दोष रिंग-लायनरमध्ये आहे की व्हॉल्व्हमध्ये, हे कळण्यासाठी मिस्त्री सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा तपासतो. कॉम्प्रेशन वाढले तर रिंग किंवा लायनर झिजले आहेत. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघावे लागते. ऑइल जास्त झाले तर इंजिनाला इजा होते, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.

*४. इंजिन जाम असेल तर.* खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत वर्षभर उभ्या इंजिनाच्या रिंगा लायनरला धरतात. हँडलला पाइप लावून जोर करू नका आणि दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करायचा प्रयत्न तर नकोच. नोजल काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल सोडा, दोन-चार दिवस थांबा आणि मग फ्लायव्हील हाताने पुढे-मागे हलवत राहा. ते मोकळे झाले तर आतले तेल नोजलच्या भोकातून बाहेर काढून मगच नोजल बसवा. बहुतेक वेळा धीर धरणाऱ्याचे लायनर वाचते.

धूर काय सांगतो?

• *काळा धूर :* डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर तुंबला आहे, नोजल थेंब गाळते आहे किंवा यंत्रावर ताकदीबाहेर भार आहे.

• *निळा धूर :* इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. ऑइल खुणेच्या वर भरले असेल तरीही असा धूर येतो.

• *पांढरा धूर :* थंड इंजिनावर सुरुवातीला येऊन थांबला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असावे.

एअर क्लीनर तेलाच्या भांड्याचा असेल तर तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त तेल इंजिन ओढून घेते आणि त्याच तेलावर बेफाम धावू लागते. अशा वेळी डिझेल बंद करूनही इंजिन थांबत नाही. हवेचे तोंड लाकडी फळीने किंवा जाड, घट्ट घडी केलेल्या पोत्याने दाबून बंद करावे लागते. तळहात लावू नये.

इंजिन चालते, पण यंत्र चिखलात अडते. का?

पहिला संशय पट्ट्यांवर घ्यावा. सैल पट्टा घसरतो, तापतो आणि जळका वास येतो. जास्त ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. दोन-तीन पट्ट्यांपैकी एकच तुटला तरी पूर्ण संच एकदम बदला. नवा पट्टा आणि ताणलेले जुने पट्टे सारखा भार घेत नाहीत, त्यामुळे नवाही लवकर जातो.

त्यानंतर गिअरबॉक्सचे तेल. तळाचा नट सैल करून थोडे तेल काचेच्या भांड्यात घ्या. ते दुधी दिसले तर आत पाणी गेले आहे. कोकणात हा दोष फार सापडतो, कारण चिखलणीत चाकांचे आस तासन् तास पाण्याखाली असतात आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत शिरते. ऑइल सील स्वस्त असते, पण ते न बदलल्यामुळे गंजलेले बेअरिंग आणि गिअर महाग पडतात. नुसते तेल बदलून सील तेच ठेवले, तर पुढच्या पावसात पुन्हा तेच होणार.

रोटरची पाती डाव्या आणि उजव्या वळणाची असतात. ती चुकीच्या बाजूला बसवली की चर पडतात आणि यंत्र हादरते. एकेक पाते काढून त्याच जागी नवे बसवत गेले तर क्रम चुकत नाही.

सुटे भाग मिळत नसतील तर?

सर्वांत आधी इंजिनावरच्या पाटीचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा. 'बारा एचपीचा टिलर' एवढ्या माहितीवर दुकानदार अंदाजाने भाग देतो. मॉडेल आणि इंजिन क्रमांक असेल तर नेमका भाग मिळतो.

भारतीय बनावटीच्या जुन्या मॉडेलचे रिंग, पिस्टन, लायनर, नोजल, सील यांना सहसा अडचण येत नाही. स्वस्तात आलेल्या आयात यंत्रांची स्थिती वेगळी आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलर आणि त्याचे इंजिन, ट्रान्समिशन, चॅसिस, रोटाव्हेटर यांची आयात 'मुक्त' गटातून 'निर्बंधित' गटात टाकली. आयातीसाठी परवाना लागू झाला. त्यामुळे अनोळखी ब्रँडचे जुने यंत्र विकत घेताना आधी सुटे भाग कुठे मिळतात ते विचारा, किमतीचा विषय नंतर.

बुश, पिन, शाफ्ट, पुली असे भाग लेथवर बनवून घेता येतात. ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा इथल्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास अशी कामे करणारी छोटी वर्कशॉप आहेत आणि लोखंडासाठी कळंबोलीचा स्टील बाजार जवळ आहे. जुना भाग नमुना म्हणून द्या, पण 'याच मापाचा बनवा' असे सांगू नका. तो झिजलेला असतो. ज्या भागात तो बसतो त्याचेही माप घ्यायला सांगा. नोजल, इंजेक्शन पंप, क्रँकशाफ्ट यांच्यावर मात्र लेथचा जुगाड करू नका. पंप आणि नोजल डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे जाऊन यंत्रावर तपासले गेले पाहिजेत.

मापांसाठी आणखी एक आधार आहे. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथली केंद्र सरकारची संस्था शेतीयंत्रांचे प्रशिक्षण आणि चाचणीचे काम करते. अशा चाचणी अहवालांत यंत्राची वैशिष्ट्ये, इंधनखर्च आणि भागांच्या झिजेच्या नोंदी असतात. पुस्तक हरवले असेल तर मॉडेलच्या नावाने अहवाल शोधून पाहा.

घरी उघडताना कोणती काळजी घ्यायची?

दर टप्प्यावर फोटो काढा. कोणता वॉशर कोणत्या बाजूला होता हे आठ दिवसांनी आठवत नाही. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. अंदाजाने आवळले तर नवे गॅस्केटही फुटते. जुने गॅस्केट सरळ असले तरी पुन्हा वापरू नका.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. मूठ आवळून अंगठा पलीकडून गुंडाळला आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट किंवा अंगठा मोडतो. बंद खोलीत किंवा गॅरेजचे शटर ओढून इंजिन चालवू नका. पात्यांत अडकलेले गवत इंजिन बंद करूनच काढा. रोटर फिरत असताना यंत्र मागे घेऊ नका. जुन्या यंत्रात रिव्हर्स आणि रोटर एकदम लागू न देणारी अडवणूक झिजलेली असू शकते आणि मग पाती थेट चालवणाऱ्याच्या पायाकडे येतात.

उतारावर लिव्हर उलटा का चालतो?

नव्याने टिलर घेणाऱ्या शहरी लोकांना हे सहसा कोणी सांगत नाही. सपाटीवर डावा लिव्हर दाबला की यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर खाली जाताना तोच लिव्हर दाबला तर यंत्र उजवीकडे जाऊ शकते. कारण साधे आहे. उतारावर इंजिन चाकांना रोखून धरत असते. लिव्हर दाबलेले चाक त्या बंधनातून सुटते आणि वेगाने घरंगळते. दुसरे चाक रोखलेलेच राहते, त्यामुळे यंत्र त्या बाजूला वळते. चारशे किलोचे यंत्र अपेक्षेच्या उलट वळले की चालवणारा घाबरतो आणि लिव्हर आणखी जोराने दाबतो. म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्येच राहा, लिव्हर न वापरता हँडल अंगाने वळवा आणि गिअर न्यूट्रल करू नका.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचे काय?

बागेतले छोटे वीडर, फवारणी पंप आणि जुनी पेट्रोल-रॉकेल इंजिने यांचा प्रश्न वेगळा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, सील यांना फुगवते किंवा ठिसूळ करते. हंगाम संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, नळ्या नव्या प्रकारच्या टाका आणि पेट्रोल भरून यंत्र महिनोन् महिने ठेवू नका.

कागदपत्रे आणि अनुदान

आरसी असलेला जुना मिनी ट्रॅक्टर घेत असाल, तर इंजिन आणि चॅसिस क्रमांक कागदाशी जुळवा, बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहा. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. २०२१ मध्ये ५० वर्षांवरील वाहनांसाठी 'विंटेज' नोंदणी आली. पण अशी वाहने नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. शेतात राबणाऱ्या यंत्राला त्याचा उपयोग नाही. कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान महाडीबीटी पोर्टलवरून मागता येते, पण ते यंत्र खरेदीसाठी असते. दुरुस्तीचा खर्च खिशातूनच करावा लागतो.

मग निर्णय कसा घ्यायचा?

क्रँककेस किंवा गिअरबॉक्सचे बीड फुटलेले असेल, क्रँकशाफ्ट तुटलेला असेल किंवा ब्रँडचे भागच मिळत नसतील, तर खर्च थांबवा. चालू भाग काढून ठेवा, ते दुसऱ्या कुणाला लागतील. रिंग, लायनर, नोजल, सील, पट्टे, बेअरिंग एवढेच गेले असेल, तर ती झीज आहे आणि तीच भरून काढण्यासाठी हे भाग बदलण्याजोगे बनवलेले असतात. मिस्त्रीकडून इंजिन उघडल्यानंतर भागांची लेखी यादी घ्या आणि त्यानंतरच हो म्हणा. न उघडता सांगितलेला आकडा नेहमी वाढतो.

लावणी संपल्यावर : आठवणीने करायच्या सहा गोष्टी

१. गोड्या पाण्याने चिखल आणि खार धुवा. एअर क्लीनर आणि ब्रीदरवर जोराचा फवारा मारू नका.

२. इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढून नवे भरा. वापरलेल्या ऑइलमधले आम्ल वर्षभर बेअरिंगला लागून राहता कामा नये.

३. गिअरबॉक्सचे तेल दुधी आहे का ते तेव्हाच पाहा. सील बदलायला मेची वाट पाहू नका.

४. टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दव धरणार नाही. हंगामाआधी हेच डिझेल काढून टाका. थंड करणारे पाणी काढून घ्या.

५. पट्ट्यांचा ताण सैल करा. पाती आणि उघड्या लोखंडाला तेल लावा. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढू नका, खालून वारा खेळू द्या.

६. हँडल फिरवून कॉम्प्रेशनचा अडथळा लागेल तिथे पिस्टन थांबवा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत जात नाही. महिन्यातून एकदा इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा त्याच जागी आणा.

शेवटच्या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. मे महिन्यात जाम होऊन गॅरेजमध्ये येणारी अनेक इंजिने एवढ्यावर वाचली असती.